वेळ कुणाला विचारायची

मास्तर काल दिवसभर खुर्चीत अडकून पडले होते, ही बातमी ऑफिसात आली तेव्हा वहिनी नुकत्याच येऊन टेकल्या होत्या. पिशवी अजून खांद्यावरच होती. सासूबाईंची आंघोळ, सासूबाईंचा नाश्ता, सासूबाईंची औषधं आणि सासूबाईंची रोजची कुरकुर, एवढं उरकून त्या आल्या होत्या. खुर्चीला पाठ लागली की डोळे आपोआप मिटायचे.

"वहिनी, झोपू नका," फोनवाल्या काकू म्हणाल्या. "मास्तरांकडे काल कुणी गेलंच नाही."

"म्हणजे?"

"म्हणजे सकाळी नाही आणि संध्याकाळीही नाही. कसेबसे खाटेवरून खुर्चीत आले आणि तिथेच राहिले बिचारे. शेजारीण दिवेलागणीला काहीतरी मागायला गेली, तेव्हा कळलं. पाण्याचं भांडं समोरच्या टेबलावर होतं म्हणे. हात पोचत नव्हता."

वहिनींची झोप उडाली.

हे ऑफिस घरोघरी सेविका पाठवायचं. ज्यांना एकट्याने उठणं-बसणं जमत नाही अशा म्हाताऱ्या माणसांकडे सकाळी सेविका जायची, आंघोळ घालायची, खाऊ घालायची, औषध द्यायची. संध्याकाळी पुन्हा जाऊन निजवायची. कुणी कुणाकडे किती वाजता जायचं हे एक प्रोग्राम ठरवायचा, आणि तो प्रोग्राम वहिनींनी लिहिला होता. धंदा त्यांच्या धाकट्या दिराचा. दीर वहिनी म्हणतात म्हणून सगळं ऑफिस वहिनी म्हणायचं. सेविका म्हणायच्या, काकू म्हणायच्या, आणि काकू तर वयाने वहिनींच्या आईला शोभतील अशा. पाण्याचे बाटले आणून देणारासुद्धा "वहिनी, सही" म्हणायचा. खरं नाव बहुधा वीजबिलावर तेवढं उरलं असेल.

आणखी एक गंमत सांगायची तर, गावभरच्या म्हाताऱ्यांना सेविका पुरवणाऱ्या या घरात सासूबाईंना मात्र सेविका नव्हती. कशाला हवी? वहिनी होत्या ना.

"प्रोग्राम काय म्हणतो?" वहिनींनी विचारलं.

"काही म्हणत नाही. फळा बघा ना, सगळं हिरवंगार."

फळा म्हणजे काकूंच्या टेबलावरची मोठी स्क्रीन. त्यावर दिवसाच्या सगळ्या फेऱ्या दिसायच्या. मास्तरांचं नाव कालच्या फेऱ्यांत लाल नव्हतं, पिवळंही नव्हतं; ते नव्हतंच. आजही नव्हतं. काकूंनी मघाशीच एका सेविकेला अर्ध्या वाटेतून मास्तरांकडे वळवलं होतं, म्हणून आजचं निभावलं.

वहिनींनी पिशवी खाली ठेवली आणि प्रोग्रामचं पोट उघडलं.

तो ज्या भाषेत लिहिला होता ती भाषा मोठी अघळपघळ. चालू प्रोग्राम बंद न करता त्यातलं काहीही बदलता यायचं. घरात माणसं राहत असताना भिंत हलवावी तसं. बंद म्हणून तो कधी केलेलाच नव्हता. आणि त्यात प्रत्येक गोष्ट म्हणजे जणू एक माणूसच. सेविका, पेशंट, फेरी, औषधाची बाटली, प्रत्येकाला निरोप पाठवायचा आणि त्याने आपापलं उत्तर द्यायचं. तू कोण, कुठल्या जातकुळीचा, असं ही भाषा विचारत नसे. विचारलेल्याचं उत्तर देता येतं ना? मग झालं, तू आमचाच.

या मोकळेपणाचे तोटेही होते. सुरुवातीच्या दिवसांत प्रोग्रामने एका आजोबांच्या आंघोळीला ऑफिसची पांढरी व्हॅन नेमली होती. "मोकळी आहेस का?" तर हो. "पत्ता सापडेल का?" तर तोही सापडतो. व्हॅन वेळेवर पोचली. आजोबांनी फोन करून विचारलं, "गाडी छान आहे हो, पण पाठ कोण चोळणार?" काकू अजूनही कुणी नवीन माणूस आलं की ही गोष्ट सांगायच्या.

वहिनींना मास्तर सापडले. एकटे नव्हेत, जोडप्यात. मास्तर आणि त्यांची बायको, दोघांचं मिळून प्रोग्राममध्ये एक 'जोडपं' होतं, कारण दोघांकडे एकच सेविका एकाच वेळी जायची. बायको मागच्या आठवड्यात गेली. काकूंनी परवा संध्याकाळी डोळे पुसत तिचं नाव काढलं, आणि तिच्या जागी प्रोग्रामने आपोआप भरलं, 'कोणी नाही'.

इथवर सगळं रीतसर. पण जोडप्याला "तुमच्याकडे किती वाजता यायचं?" असं विचारलं, की जोडपं ते बायकोला विचारायचं. हे वहिनींनीच लिहिलं होतं, आणि उगाच नव्हे. नाव नोंदवायला आल्या दिवशी मास्तरांनी हसत सांगितलं होतं, "वेळेचं मला काही विचारू नका, तिलाच विचारा. आमच्याकडे घड्याळ तिच्या ताब्यात."

तेव्हा कालपासून प्रोग्राम पहाटे जोडप्याला वेळ विचारत होता, जोडपं बायकोला विचारत होतं, आणि बायकोच्या जागी कोणी नाही. आणि 'कोणी नाही'ला काही विचारलं तर...

वहिनींचा हात माऊसवरच थांबला. पुढचं त्यांना पाठ होतं.

पूर्वी असं झालं की प्रोग्राम जागच्या जागी थांबायचा, लाल चौकट दाखवायचा आणि वहिनींना फोन लावायचा. ताटावर बसल्या असताना फोन, बसमध्ये फोन, आईच्या आजारपणात रुग्णालयाच्या जिन्यात फोन. तोवर इकडे ऑफिस ठप्प. शेवटी भाऊजी म्हणाले, "वहिनी, चुकलं तर चुकू दे, पण थांबायला नको. लोकांसमोर शोभा होते." वहिनीही जेरीला आल्या होत्या. त्यांनी पार मुळाशी जाऊन एक ओळ लिहिली: 'कोणी नाही'ला काहीही विचारलं, तर त्याने गप्प बसावं. बस्स, एवढंच. त्या दिवसापासून लाल चौकट दिसली नाही, भाऊजींनी ऑफिसला आइस्क्रीम दिलं, आणि वहिनींना कितीतरी दिवसांनी सलग झोप मिळाली. बरं वाटलं होतं, खोटं कशाला बोला.

त्यांनी जोडप्यात दुरुस्ती केली. आता वेळ मास्तरांना विचारायची. पण मास्तरांची वेळ कुठली? ती कुठेच लिहिलेली नव्हती. म्हणून त्यांनी फोन लावला.

"मास्तर, मी ऑफिसमधून वहिनी बोलतेय. कालचं फार वाईट झालं. तुम्ही फोन का नाही केलात?"

"फोन खाटेजवळ होता आणि मी खुर्चीत," मास्तर म्हणाले. आवाज खरवडल्यासारखा येत होता. "आणि म्हटलं, असेल तुमच्याकडे कामाची गडबड. त्यात काय एवढं."

"आता चुकणार नाही. तुम्हाला सकाळी किती वाजता माणूस पाठवू?"

पलीकडून काही ऐकू येईना. वहिनींना वाटलं, फोन कटला.

"मास्तर?"

"आहे, आहे. विचार करतोय." मास्तर खाकरले. "आजवर मला कुणी विचारलं नव्हतं हो. मला नक्की कधी उठावंसं वाटतं, तेच मला ठाऊक नाही. थोडा वेळ द्याल?"

"द्या की. म्हणजे, घ्या की," वहिनी म्हणाल्या. त्यांनी फोन ठेवला आणि उगाचच चष्मा पुसला.

आता खरी धास्ती सुरू झाली. मास्तर सापडले ते शेजारणीमुळे. पण जे गप्प बसलंय ते शोधायचं कसं? आणखी कुणाचं नाव असंच फळ्यावरून उतरलं असेल? आत्ता या क्षणी कोण कुठल्या खुर्चीत बसून दाराकडे बघत असेल? वहिनींनी हाताने शोधायला घेतलं. सगळी जोडपी तपासली. पण जोडपी म्हणजे एक कोपरा. 'कोणी नाही' कुठेही असू शकत होता: सोडून गेलेल्या सेविकेच्या जागी, बंद झालेल्या औषधाच्या जागी, परगावी गेलेल्या मुलाच्या जागी. रानात सुई शोधायची, आणि सुई हरवली आहे की नाही हेही माहीत नाही.

एकच उपाय होता. ती ओळ काढायची, आजचं वेळापत्रक पुन्हा चालवायचं, आणि प्रोग्रामला बोलू द्यायचं.

त्या भाऊजींच्या खोलीत गेल्या. भाऊजी नवा शर्ट घालून आरशात बघत होते. दुपारी एका मोठ्या रुग्णालयाचे लोक यायचे होते. त्यांच्याकडून घरी सोडलेले सगळे म्हातारे पेशंट या ऑफिसकडे सोपवायचे की नाही, हे ते आज ठरवणार होते. भाऊजींनी बैठकीच्या खोलीत भिंतभर स्क्रीन लावली होती आणि काकूंचा फळा जसाच्या तसा तिच्यावर दिसेल अशी सोय वहिनींकडूनच करून घेतली होती.

"मास्तरांचं कळलं मला," भाऊजी म्हणाले. "वाईट झालं. काकूंनी लक्ष ठेवायला हवं होतं."

"काकूंचा काय संबंध? प्रोग्राम गप्प बसला. आणखी कुणाच्या बाबतीत बसला असेल, ते बघायला हवं. आत्ता."

"बघा ना. पाहुणे गेले की बघा."

"पाहुणे जाईपर्यंत कुणीतरी बिनपाण्याचं बसलं असेल, भाऊजी."

"असेल म्हणजे? नसेलही!" भाऊजींनी आवाज खाली आणला. त्यांचा स्वभाव तसा वाईट नव्हता. घाबरले की ते गोड व्हायचे. "वहिनी, झाकली मूठ सव्वा लाखाची. आत्ता तो फळा लाल झाला तर ते लोक बसल्या जागेवरून उठून जातील. एक दुपार. तुम्ही एवढं सगळं सांभाळता, एक दुपार नाही का सांभाळणार? बरं, पाहुण्यांच्या चहाचं तेवढं बघाल ना?"

वहिनी नेहमीसारखं "बघते" म्हणाल्या आणि बाहेर आल्या. घरचं झालं थोडं आणि व्याह्याने धाडलं घोडं.

प्रोग्रामची दुसरी प्रत असती तर तिच्यावर गुपचूप तपासता आलं असतं. होती कधीकाळी. तिचा कॉम्प्युटर भाऊजींनी बाहेरच्या खोलीत मंद संगीत लावायला नेला होता. आत्ताही बासरी वाजत होती.

पाहुणे ठरल्या वेळेच्या आधीच आले. दोन साहेब आणि एक मेट्रनबाई, पांढऱ्या केसांच्या, जाड चपलांच्या. वहिनींनी चहा दिला. मेट्रनबाईंनी "तुम्ही इथे काय करता?" असं विचारलं, तेव्हा भाऊजीच म्हणाले, "या आमच्या वहिनी. घरच्याच." बैठकीच्या खोलीचं दार लागलं.

वहिनी जाग्यावर आल्या आणि ती ओळ उघडली. 'कोणी नाही'ला काहीही विचारलं, तर त्याने गप्प बसावं. पाहुण्यांसमोर सगळं थांबणार नाही, एवढी काळजी त्यांनी घेतली: थांबू नकोस, पण बोल. कुणाला काय विचारलं आणि उत्तर आलं नाही, ते सांग.

कुणाला सांगायचं? बोटांनी आपोआप लिहिलं: वहिनींच्या स्क्रीनवर.

ते सोपं होतं. भिंतीवरचा फळा हिरवाच राहिला असता आणि सगळ्या तक्रारी मुकाट एका जागी आल्या असत्या. मग वहिनींनी त्या एकेक वाचल्या असत्या, एकेक फोन केला असता, कुणालाही न कळता निस्तरलं असतं, आणि संध्याकाळी घरी जाऊन सासूबाईंना निजवलं असतं. पण शेवटच्या नावापर्यंत पोचता पोचता अंधार पडला असता. काकूंकडे तीन फोन होते आणि रस्त्यावरची प्रत्येक सेविका त्यांच्या हाकेच्या अंतरावर होती. वहिनींकडे एक फोन होता आणि दुखरी मान.

त्या आपल्याच ओळीकडे बघत राहिल्या. आपण काय करतोय? 'कोणी नाही'चं तोंड उघडतोय आणि त्याच्याऐवजी स्वतः गप्प बसायला निघालोय. त्यांना एकदम सगळ्याचा कंटाळा आला. इतका, की भीतीसुद्धा वाटेनाशी झाली.

त्यांनी 'वहिनींच्या' हा शब्द खोडला आणि 'काकूंच्या' लिहिला.

"काकू, बाकीचं काम ठेवा, फोन घ्या हातात," त्या म्हणाल्या. "आणि घाबरू नका."

"मी? मी चार पोरं वाढवलीत," काकू म्हणाल्या.

वहिनींनी आजचं वेळापत्रक पुन्हा चालवलं. फळा क्षणभर तसाच राहिला. मग खालून एक लाल ओळ आली. मग दुसरी. मग भराभरा येऊ लागल्या. 'जिन्याजवळच्या आजींची सेविका कोण? उत्तर नाही.' 'निवृत्त पोस्टमनना इन्सुलिन कोण देणार? उत्तर नाही.' काही फालतू होत्या. व्हॅनचा वाढदिवस कधी, असंही प्रोग्राम एकीकडे विचारत होता. पण आजींची आणि पोस्टमनची ओळ फालतू नव्हती.

काकूंनी एका हाताने एक, दुसऱ्या हाताने दुसरा फोन उचलला. "अगं, तू आहेस कुठे? पुलाजवळ? तशीच वळ, पोस्टमनकडे जा. इन्सुलिन राहिलंय. हो हो, जेवण नंतर कर." वहिनींनी तिसरा घेतला. जिन्याजवळच्या आजींचा फोन बराच वेळ वाजत राहिला. शेवटी कुणीतरी उचलला.

"कोण? आलात का?" आजींनी विचारलं. "मी दाराशीच बसलेय. सकाळपासून केस विंचरून बसलेय."

"येतेय हो आजी, माणूस निघालंय," वहिनी म्हणाल्या. त्यांच्या डोळ्यांतून पाणी येत होतं आणि ते पुसायला हात मोकळा नव्हता.

बैठकीच्या खोलीचं दार उघडलं. भाऊजी पुढे, चेहरा पांढराफटक, मागे पाहुणे. एक साहेब घड्याळ बघत होते. मेट्रनबाई मात्र सरळ काकूंच्या टेबलाशी आल्या आणि फळा वाचू लागल्या.

"हे काय आहे?" त्यांनी विचारलं.

"काही नाही, तांत्रिक बिघाड," भाऊजी म्हणाले. "वहिनी, बंद करा ते. लगेच."

"बिघाड नाही," वहिनी म्हणाल्या. आपला आवाज एवढा मोठा आहे हे त्यांनाच नवीन होतं. "आमच्याकडून जी माणसं राहून गेली, ती आहेत ही. आज कळली. आता बंद होणार नाही."

घड्याळवाले साहेब म्हणाले, "आपण नंतर कळवू." ते आणि दुसरे साहेब दाराकडे वळले. ते जे काय कळवणार होते ते भाऊजींना त्यांच्या पाठीवरूनच समजलं, आणि ते मटकन खुर्चीत बसले. नव्या शर्टाला घाम आला होता. वहिनींना त्यांची दया आली, पण उठून त्यांच्याजवळ जावंसं वाटलं नाही.

मेट्रनबाई गेल्या नव्हत्या. "आजी सापडल्या?" त्यांनी विचारलं.

"सापडल्या," काकू म्हणाल्या. "पोस्टमनही. माणूस पोचलं." त्या एकेक लाल ओळ पुसत खाली येत होत्या. अगदी तळाच्या ओळीशी त्यांचं बोट थांबलं. त्यांनी चष्मा वर केला, खाली केला. "वहिनी, ही तुमची आहे."

'वहिनींची सुट्टी कधी? उत्तर नाही.'

वहिनी वाकून बघू लागल्या. ओळ बरोबर होती. अलीकडे सेविका कमी पडल्या की प्रोग्राम वहिनींनाही फेरीवर धाडायचा. काम येतं का, तर हो. मोकळी आहेस का, तर कायमच हो. आणि कुणालाही धाडण्याआधी तो रीतसर विचारायचा, तुझी सुट्टी कधी? सेविकांना उत्तर देता यायचं, कारण त्या 'कर्मचारी' होत्या. वहिनींनी स्वतःला मात्र अगदी पहिल्या दिवशी 'घरचं माणूस' म्हणून लिहिलं होतं, भाऊजींच्या शेजारी. घरच्या माणसाला हजेरी, पगार, सुट्टी कशाला? त्या जागी होतं, 'कोणी नाही'. त्या फेऱ्यांवर जायला लागल्यापासून रोज पहाटे प्रोग्राम विचारत आला होता, आणि रोज पहाटे गप्प बसवला जात होता.

"ती ओळ काढून टाका तेवढी," भाऊजी खुर्चीतून क्षीणपणे म्हणाले. "ती काही पेशंटची नाही."

"काढायची कशाला? भरू ना," काकू म्हणाल्या. त्यांनी त्या ओळीवर टिचकी मारली, रिकामी चौकट उघडली आणि दोन्ही हात कीबोर्डवर ठेवले. "सांगा वहिनी, काय लिहू? कुठला वार?"

मेट्रनबाई बघत होत्या. भाऊजीही बघत होते. बाहेरच्या खोलीत बासरी वाजत होती. वहिनी वार मोजू लागल्या. सोमवार म्हणावं, तर त्या दिवशी सासूबाईंचा डॉक्टर. रविवारी जाऊबाई माहेरी, म्हणजे घरचं सगळं वहिनींकडे. बाकीचे वार एकेक करून डोळ्यांसमोरून गेले, आणि प्रत्येक वारावर कुणी ना कुणी आधीच येऊन बसलेलं होतं.

"थोडा वेळ द्या, काकू," त्या म्हणाल्या. "आजवर मला कुणी विचारलं नव्हतं हो."

काकूंनी चौकट बंद केली नाही. फोन वाजला तो त्यांनी मेट्रनबाईंना उचलायला लावला, आणि तशाच थांबल्या.